तिपाई आणि टॉवेल

माझं भाषण ऐकून माणसं रडतात. ही बढाई नाही, धंदा आहे. विट्यात मी वक्तृत्वाचे वर्ग घेते. आवाज कुठे चढवायचा, कुठे पाडायचा, शेवटच्या वाक्याआधी किती थांबायचं, हे तालुक्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांना मीच शिकवलंय. त्यांनी पुढे त्याचं काय केलं त्याला मी जबाबदार नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की बोलून माणूस वळत नाही असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि नेमकी सख्ख्या भावाचा जीव वाचवायची वेळ आली तेव्हा एका चार बोटं उंचीच्या डबीनं माझं तोंड बंद केलं.

त्या डबीचं नाव तिपाई. तीन बारीक पाय, वर एक गोल डोकं, आणि डोक्याला तीन उभ्या पट्ट्या. आता ती घरोघरी झालीय, पण तेव्हा नवी होती आणि जो तो तिच्याकडे टकामका बघायचा.

अडीच हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक पंडितानं सांगून ठेवलंय, की ऐकणाऱ्याच्या मनात शिरायला तीन दारं आहेत. बोलणारा कोण आहे यावरचा भरवसा हे पहिलं. काळजाला हात घालणारी भावना हे दुसरं. आणि डोक्याला पटणारा तर्क हे तिसरं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुठल्या क्षणी कुठलं दार उघडलं ते सांगणार कोण? बोलणारा सांगत नाही आणि ऐकणाऱ्याला कळत नाही. तिपाई ते ऐकणाऱ्याच्या अंगावर वाचते.

भरवसा बसला की ऐकणाऱ्याचा चेहरा नकळत बोलणाऱ्याची नक्कल करायला लागतो, श्वासही त्याच्या वाक्यांबरोबर पडायला लागतो. भावना हलली की नाडी पळते. प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीचा रंग किंचित बदलतो, तो आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. आणि तर्क सुरू झाला की माणूस बोलणाऱ्याकडे बघायचंच सोडतो. नजर भिंतीवर जाते, पापणी लवायची थांबते. तिपाई हे सगळं लांबून टिपते, बोलणाऱ्याच्या एकेका शब्दाशी लावून बघते आणि पट्ट्या उजळते. पांढरी भरवशाची, लाल भावनेची, निळी तर्काची.

मग काय मजा झाली म्हणता! प्रचारसभेत पट्ट्या मोठ्या पडद्यावर दिसायला लागल्या आणि माझे दोन शिष्य त्यापायी निवडणुकीत पडले. साडीच्या दुकानात भाव पाडताना बायका पदराआड तिपाई घेऊन बसायला लागल्या. मुलगी बघायला गेलेल्या एका मुलाच्या आईनं टीपॉयवर पोह्यांच्या बशीशेजारी ती ठेवली, तेव्हा मुलीच्या बापानं दोन्ही उचलून आत नेलं. खरं सांगू, मला ती डबी आवडली होती. इतकी वर्षं आपण अंधारात दगड मारत होतो, आता निदान कुठे लागतोय ते दिसत होतं.

मग नियम आला. मोठ्या ऑपरेशनची संमती यापुढे तिपाईसमोरच घ्यायची. भीती घालून, रडून, शपथा घालून सह्या घेतल्याची प्रकरणं फार झाली होती. लाल पट्टी अर्ध्याच्या वर गेली की बैठक रद्द, आणि आठवडाभर पेशंटपुढे तो विषय काढायचा नाही. मी हे पेपरात वाचलं आणि शहाण्या माणसासारखी मान डोलावली. तेव्हा दादाच्या हृदयाची झडप धड होती, किंवा निदान आम्हाला तसं वाटत होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सर्जेराव खोत. उभा जन्म जनावरांच्या बाजारात गेला त्याचा. खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलांचा सौदा करून द्यायचा तर सर्जेराव दलालच पाहिजे, असं होतं एकेकाळी. बैल घ्यायला आलेला माणूस कशाला भुलेल हे तो त्याच्या चालण्यावरून ओळखायचा. एकाला सांगायचा, "मी सांगतोय न्हवं, मग झालं." दुसऱ्याला बैलाच्या डोळ्यांत बघायला लावायचा. तिसऱ्यासमोर दात मोजायचा, पाय मोजायचा, नांगराचा हिशेब मांडायचा. ग्रीक पंडिताचं नाव त्यानं ऐकलं नव्हतं, पण त्याच्या तिन्ही दारांच्या किल्ल्या याच्या कमरेला होत्या. अशा माणसाला कुणी काही पटवायला गेलं की तो मध्येच हसायचा आणि म्हणायचा, ही माझीच चावी मलाच लावतोस व्हय?

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास दादाला दम लागायला लागला. मिरजेला नेला. डॉक्टर इनामदारबाईंनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप गेलीय. बदलली तर दहा-बारा वर्षं आरामात जगतील, नाही बदलली तर एक वर्ष काढणंही कठीण. दादानं ऐकून घेतलं, उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "मला नगं."

संमतीची पहिली बैठक ठरली. खोलीत टेबलावर तिपाई, आणि तिच्याजवळ संमती अधिकारी अयाज मुल्ला. तिशीतला, चष्मा लावलेला, फार गोड बोलणारा पोरगा. त्यानं दादाला आधी सगळं समजावलं. दादानं तिपाईला बोटानं हलकेच टिचकी मारली आणि विचारलं, ही चरती काय.

आधी डॉक्टर बोलल्या. किती ऑपरेशनं केली, किती माणसं बरी झाली ते शांतपणे सांगितलं. पांढरी पट्टी थोडी चढली आणि उतरली. मग दादाचा मुलगा शंतनू बोलला. इंजिनिअर आहे तो, त्यानं आलेखच आणले होते. निळी पट्टी जरा लुकलुकली, कारण दादा खिडकीबाहेर बघत होता. पण तो बाहेर बांधलेल्या एका म्हशीकडे बघत होता हे नंतर कळलं.

मग मी बोलले. तयारी केलीच नव्हती, म्हणजे कधी लागलीच नाही. आई गेली तेव्हा मी लहान होते आणि दादानं माझी वेणी घालायला शिकून घेतलं, वेडीवाकडी घालायचा, आणि मी तशीच शाळेत जायचे, ते सांगितलं. वहिनी गेल्यापासून त्यानं घरात गाणं लावलं नाही, ते सांगितलं. शेवटच्या वाक्याआधी थांबले. मग म्हणाले, "दादा, मला माहेर म्हणून एवढा तूच आहेस."

दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "आण कागद." आणि अयाजनं कागद मागे ओढला. लाल पट्टी टोकापर्यंत गेली होती.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझा भाऊ सही करायला तयार आहे आणि तुझी ती डबी त्याला मरायला सोडतेय, असा एकूण आशय होता. अयाजनं ऐकून घेतलं. म्हणाला, मॅडम, नियम मी केला नाही, पण मला तो पटतो. तुम्ही गेल्यावर ते स्वतःशी काय म्हणतील ते तुम्हालाही माहीत नाही. मला तेव्हा ते मुळीच पटलं नाही. पण पोरगं खोटं बोललं नव्हतं. घरी पोहोचल्यावर दादा ओसरीवर बसला आणि म्हणाला, "रत्ने, तुझ्या नादानं व्हय म्हणत हुतो. बरं झालं डबी हुती." आणि वर हसला. मला रडावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा कळेना.

पुढच्या बैठकीला आठवडा होता, आणि शंतनूनं स्पष्ट सांगितलं की आणखी एकदा लाल झालं तर दादा तिसऱ्या बैठकीला यायचा नाही. म्हणजे मला कोरडं बोलायला शिकायचं होतं. म्हाताऱ्या कुत्र्याला भुंकू नको म्हणून शिकवण्यातला प्रकार. वर्गात तिपाई होतीच. शेजारच्या सुलभाताईंना समोर बसवलं आणि सरळ मुद्दे वाचायला लागले. लाल. भावना येईल असा प्रत्येक शब्द काढून टाकला. तरी लाल. शेवटी वैतागून विजेचं बिल वाचलं. थकबाकी, दंड, अंतिम तारीख, आणि सवयीनं अंतिम तारखेआधी जरा थांबले. सुलभाताईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, तोडणार का हो वीज?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं थांबणंच लबाड होतं. उभं आयुष्य मी शिकवत आले की थांबण्यात ताकद असते, आणि आता ते माझ्या घशात इतकं भिनलं होतं की काढायचं म्हटलं तरी निघत नव्हतं. हसू आलं आणि मग भीतीही वाटली. मला दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते चालणार नाही. मग दादा जाणार.

शंतनू मला न्यायला आला तेव्हा गाडीत म्हणाला, आत्या, तूही एकदा सगळ्या तपासण्या करून घे, वय झालं. मी विषय बदलला. विषय बदलणं हीसुद्धा एक कला आहे आणि ती मी वेगळी फी घेऊन शिकवते.

दुसऱ्या बैठकीला दादा ठेवणीतले कपडे घालून आला. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. मी ओळखलं, हा बाजाराला निघालाय. सौदा मोडायलाच आलाय. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, शंतनूनं आलेख पुन्हा काढले. तिन्ही पट्ट्या झोपलेल्या. दादाचा चेहरा म्हणजे पाटीवरचं पुसलेलं गणित. त्याच्याकडे बघून मुळी काहीच कळत नव्हतं.

हाच चेहरा मी लहानपणी खरसुंडीला बघितला होता, आणि तो आठवला म्हणून हे सगळं पुढचं घडलं.

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बैलाचा भाव मोठ्यानं बोलत नसत. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहायचे, हातांवर टॉवेल टाकायचे आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायचे. एक बोट दाबलं की एक, मूठ धरली की पाच, मूठ सोडून पुन्हा धरली की दहा. तोंडानं फक्त शेकडा की हजार एवढं सांगायचं, बाकी सगळं बोटांत. घेणारा दाबणार, दलाल झटकणार, पुन्हा दाबणार. भोवती दहा माणसं डोळे फाडून बघत असायची, म्हणून चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. एकानं तोच आकडा लागोपाठ दोनदा दाबला आणि दुसऱ्यानं हात झटकला नाही की सौदा पक्का. हात टॉवेलाबाहेर आला की मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही.

अयाजनं माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती. मी उठले, दादाच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. दादाचे डोळे जरासे बारीक झाले. मी एकच शब्द बोलले.

"वर्षं."

मग टॉवेलाखाली त्याची बोटं चाचपडत आली आणि माझं एक बोट दाबलं.

एक. म्हणजे ऑपरेशन न करता डॉक्टर देत होत्या तेवढंच. पण मी थक्क झाले, कारण इतके दिवस आम्ही सगळे त्याला सांगत होतो आणि त्याला किती हवंय ते विचारलं कुणीच नव्हतं. मीही नाही. मी त्याची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. दहा. त्यानं हात असा झटकला की टॉवेल पडता पडता राहिला. पुन्हा आला. दोन. मी पुन्हा दहा. तो तीन. मी नऊवर आले. तो तीनवरच अडून बसला. मी काहीच दाबलं नाही, नुसता हात धरून ठेवला. बोलायला नव्हतंच काही, आणि थांबायचं म्हणून मी थांबले नव्हते, मला खरंच पुढचं सुचत नव्हतं. तेव्हा त्याची बोटं थरथरताहेत हे मला कळलं. वर चेहरा दगडाचा आणि खाली हात पाखरासारखा. दादा भ्यालाय. एवढा सर्जेराव दलाल, आणि त्याला छाती उघडून घ्यायची भीती वाटतेय, आणि हे तो तोंडानं जन्मात सांगायचा नाही.

मी त्याचा हात घट्ट धरला. आकडा नव्हता त्यात कुठला. मग तो आपणहून चारवर आला. मग मूठ धरली. मग मुठीवर एक बोट. मग दोन. सात. त्यानं सात पुन्हा दाबलं.

टॉवेल बाजूला झाला. दादा अयाजला म्हणाला, "आण कागद." आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "सात ठरल्यात. वरची तुमी ठेवा."

अयाज तिपाईकडे बघत उभा होता. तिन्ही पट्ट्या अंधारात. भरवसा शून्य, भावना शून्य, तर्क शून्य. यंत्र बिघडलं नव्हतं. ते शब्दाशी लावून मोजतं, आणि शब्द होता एक. शब्दच नाही तर कुणी कुणाला वळवलं हे ते कुठून सांगणार? नियमाप्रमाणे इतकी स्वच्छ संमती त्या जिल्ह्यात कधी नोंदली गेली नव्हती. अयाजला ते हसू येण्यासारखं वाटलं, आणि झोप उडण्यासारखंही.

ऑपरेशन नीट झालं. दादा वॉर्डात बसून नर्सबाईंना बैल कसा पारखायचा ते सांगायला लागला, तेव्हा अयाज त्याला भेटायला आला. पिशवीतून एक टॉवेल काढला. त्यात बारीक तारा विणल्या होत्या. बोटांचा दाब, घाम, नाडी सगळं टिपणारा. त्याचं म्हणणं, तुम्ही दोघांनी एकदा यात हात घाला, आत काय होतं ते विज्ञानाला कळू द्या, कदाचित तिपाईला चौथा पाय निघेल. मला मोह झाला. खोटं का बोलू? भरवसा होता, भावना होती, आकडे मोजणं म्हणजे तर्कही होता. यातलं नेमकं कुठलं लागू पडलं हे मलाही जाणून घ्यायचं होतं. आजही आहे. आणि एक प्रश्न तर मला अजून सुटलेला नाही. मी त्याला पटवलंच नाही, की यंत्राला दिसणार नाही अशा जागी नेऊन पटवलं?

दादानं तो टॉवेल उलटसुलट करून बघितला, पोत बरा आहे म्हणाला आणि घडी घालून परत दिला. "पोरा, तिसऱ्याला दिसलं तर त्याला सौदा म्हणत न्हाईत. तमाशा म्हणत्यात."

अयाज मात्र चिवट निघाला. त्यानं नियमाच्या समितीला लिहून लिहून एक गोष्ट बदलून घेतली. आता संमतीच्या बैठकीत कुणीही काही सांगण्याआधी पेशंटला विचारायचं, तुम्हाला काय हवंय, आणि त्यावर गप्प बसून ऐकायचं. तिपाई तेव्हा बंद ठेवतात. हे अयाजनंच मला सांगितलं, आणि सांगताना तो सवयीनं टेबलाकडे बघत होता.

दादाची सात वर्षं मजेत गेली. गेल्या वर्षापासून मात्र मी त्याच्याकडे धास्तीनं बघत होते. शब्दाचा पक्का माणूस, सौदा संपला म्हणून गोळ्या बंद करायलाही कमी करायचा नाही. मी विषय काढला नाही. माझ्याकडे काढायला दुसरा एक विषय होता आणि तोही मी काढत नव्हते. काखेजवळ एक गाठ लागली होती. शंतनूला कळलं कसं कोण जाणे, त्यानं तपासणीची वेळ घेतली, मी रद्द केली, त्यानं पुन्हा घेतली, मी पुन्हा रद्द केली. तो आलेख घेऊन आला. सुलभाताई रडून गेल्या. इनामदारबाईंनी स्वतः फोन केला. मी सगळ्यांना हसले. आयुष्यभर मी हेच शिकवलं, मला कोण पटवणार?

मागच्या रविवारी वर्गाचा बक्षीस समारंभ होता. मुलं, पालक, खुर्च्या, हार, सगळा गोंधळ. समारंभ संपला, मी खुर्चीत टेकले, आणि दादा आला. पांढरं धोतर. खांद्यावर टॉवेल. मी मनात म्हटलं, आला. सात झाली, हिशेब द्यायला आला. समोर खुर्ची ओढून तो बसला, आमच्या हातांवर टॉवेल टाकला आणि तिकडे व्यासपीठावरची फुलं बघत असल्यासारखा म्हणाला,

"वर्षं. माझी न्हवं, तुझी."

भोवती माणसं होती. माझा चेहरा दादासारखा नाही. इतकी वर्षं मी त्याला फक्त हलायलाच शिकवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. टॉवेलाखाली त्याची बोटं वाट बघत होती, म्हातारी, खरखरीत, अजिबात न थरथरणारी.

मी एक बोट दाबलं.

दादानं हात झटकला आणि माझी मूठ धरली, सोडली आणि पुन्हा धरली.